अडतिसावी फुंक

श्वासाची तपासणी तशी सोपी असते. नाकाला चिमटा, तोंडात नळी. छातीभर श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा बाहेर फेकायचा. पडद्यावर रेघ डोंगरासारखी चढते, उतरते. तीनदा फुंकलं की हिरवी खूण येते, काम संपलं. बाळ चार महिन्यांचं झाल्यावर मी कामावर परतले. दिवसभर "जोरात, अजून, अजून" म्हणून म्हणून घरी बाळाशीही त्याच सुरात बोलते. नवरा हसतो.

मंगळवारी सकाळी एक निवृत्त डॉक्टर आले. शस्त्रक्रियेआधीची तपासणी. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, दातांमधून बारीक शीळ चाललेली, दर वेळी चौथ्या सुराला अडखळणारी. कागदावरची सही बघून माझा हात थांबला. बाबांच्या दर वर्षीच्या दाखल्यावर हीच सही असायची.

बाबा पत्र्याच्या कारखान्यात होते. अ‍ॅस्बेस्टॉस दळायच्या विभागात सदतीस जण. वर्षातून एकदा कंपनीचे डॉक्टर हीच नळी घेऊन यायचे. सगळ्यांना रांगेत उभं केलं तर पाळीचा खोळंबा, म्हणून गेटवरचा पहारेकरी, तालमीतला गडी, सगळ्यांच्या वतीने फुंकायचा. "आमची सगळ्यांची छाती एकच, पैलवानाची!" बाबा मोठ्याने हसायचे. वीस वर्षांनी तेच हसू खोकल्यात अडकायला लागलं. त्या सदतीसमधला आज एकही उरलेला नाही.

आई कारखान्यात कधी गेली नाही. ती फक्त बाबांचे धुळीने भरलेले कपडे मागच्या पायरीवर झटकायची. आता स्वयंपाकघरातून दारापर्यंत येताना तीनदा थांबते. पाळण्यापाशी अंगाईची एक ओळ म्हणते, मग दुसरीसाठी श्वास शोधत बसते.

"मला शिकवू नकोस हं पोरी," डॉक्टर म्हणाले. "हजारो छात्या तपासल्यात मी."

"माझ्या बाबांची तपासली होती?" मी चिमटा लावत विचारलं. "पत्र्याच्या कारखान्यात. पैलवान फुंकायचा तेव्हा."

शीळ थांबली.

"कामगारच म्हणायचे, लवकर सोडा," ते गेंगाण्या आवाजात म्हणाले. "आणि रिपोर्ट चांगलेच आले ना सगळ्यांचे?"

"फुंका," मी म्हटलं.

तीनदा फुंकलं. हिरवी खूण आली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली : पुन्हा.

या यंत्रात तो शब्द नाही.

त्यांनी चौथ्यांदा फुंकलं. पाचव्यांदा. मला एकदाही "अजून" म्हणावं लागलं नाही. नळी काढायला त्यांचा हात वर आला आणि मध्येच थांबला. डोळे माझ्याकडे लागले होते. प्रत्येक फुंकीला डोंगर ठेंगणा होत होता.

बाविसाव्या रेघेत, उतारावर एक खाच होती. ती खाच मी ओळखते. आजारपणात बाबांनी स्वतः फुंकलेल्या शेवटच्या तपासणीचा कागद मी फाइलमध्ये जपून ठेवलाय.

यंत्राची वायर माझ्या पायाशी होती. ओढली असती तर सगळं थांबलं असतं.

मी मोजत राहिले.

सदतीस.

हिरवी खूण आली. नळी ओठांतून निसटली.

"झालं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

मला मागची पायरी आठवली. उन्हात चमकणारी ती धूळ, आणि तिच्यात उभी असलेली आई.

"आणखी एकदा, डॉक्टर."

या वेळी यंत्राने काही मागितलं नव्हतं.

त्यांनी फुंकलं.

छापून आलेल्या कागदावर एकच शब्द होता : नॉर्मल. मी तो त्यांच्या हातात दिला. खुर्चीपासून दारापर्यंत जाताना ते तीनदा थांबले.

संध्याकाळी घरी आले तर आई पाळणा हलवत होती. अख्खी अंगाई, एका दमात. मला बघून उठली आणि न थांबता स्वयंपाकघरात गेली. माझे डोळे भरून आले. मी बाळाला उराशी धरलं.

आतून कपबशांचा आवाज आला. मग दातांमधून घातलेली बारीक शीळ, चौथ्या सुराला अडखळणारी.

आईला कधीच शीळ घालता यायची नाही.