आजोबांचे दात कुणी पळवले?

“आज तराफ्यापर्यंत पोहायचंच! जो शेवटी पोचेल त्याने सगळ्यांचे टॉवेल धुवायचे!” ओक्तायने फर्मान सोडलं.

“मग साबण आत्ताच शोधून ठेव,” नेरमिन म्हणाली. “काल गुडघाभर पाण्यातच पायात गोळा आला म्हणून बोंबलत होतास!”

“खरंच आला होता गोळा!”

“गोळा नाही, शेवाळ होतं,” तुनाने साक्ष दिली.

तुना हा नेरमिनचा धाकटा भाऊ आणि ओक्ताय दोघांचा आतेभाऊ. रेम्झी आजोबांनी तिघांना कुताह्याहून समुद्रावर आणलं होतं आणि मार्ती हॉटेलात उतरवलं होतं. हॉटेल आपलं नावाला. खाटा कुरकुरत, पंखा एकाच खाटेला वारा देई आणि तोंड धुवायला सगळ्या खोल्यांत मिळून खालच्या पडवीत एक बेसिन. त्या काळी मोबाइल नव्हते आणि हॉटेलातला एकुलता एक फोन बहुधा बंदच असे. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की वाळू! मुलांना आणखी काय हवं?

एवढ्यात पडवीतून आरोळी आली.

“मावे वात! मावे वात कुवे वेवे?”

तिघं धावत खाली गेले. आजोबा बेसिनपाशी उभे होते. खांद्यावर टॉवेल, केस उभे आणि ओठ पार आत गेलेले.

“माझे दात कुठे गेले, असं म्हणताहेत,” नेरमिनने जमलेल्या पाहुण्यांना सांगितलं. आजोबांची सकाळची भाषा घरात तिलाच काय ती थोडीफार कळे.

आजोबांची कवळी रात्रभर हॉटेलातल्याच एका निळ्या एनॅमलच्या मगात, पुदिन्याच्या पाण्यात पडून असे. सकाळी ती धुवायला म्हणून ते खाली आले. तो मग बेसिनच्या फळीवर ठेवला आणि टॉवेल राहिला म्हणून वर गेले. परत येऊन बघतात तर मगही नाही आणि दातही नाहीत!

गडबड ऐकून मालकीण सादेतकाकू आल्या. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्यात ऑलिव्हची वाटी आणि नजर तिसरीकडेच. एका वेळी सतरा कामं अंगावर घ्यायची आणि कुठलंच धड लक्षात ठेवायचं नाही, असा काकूंचा खाक्या होता.

“माझ्या हॉटेलात चोरी?” त्या कडाडल्या. “त्या कवळीत सोन्याच्या दाढा आहेत ना? परवा जेवताना तुम्ही सगळ्यांना आ करून दाखवल्या होत्या! कुणी बघितलं होतं तेव्हा? इथे कोण होतं आत्ता?”

पडवीत गुलिझारताई होती. हातात पोछा, शेजारी बादली. डोंगरातल्या गावाहून ती उन्हाळ्यापुरती कामाला यायची. चादरी बदलायची, फरशा पुसायची आणि मुलांच्या पायांची वाळू खोल्याखोल्यांतून गोळा करताना कधी कपाळाला आठी घालायची नाही.

“मालकीणबाई, मी आत्ताच आले इकडे,” ती म्हणाली. “मी मग पाहिलासुद्धा नाही.”

“खोल्यांतून वावरतं कोण? तूच ना? आण तुझी पिशवी!”

आणि काकूंनी सगळ्यांदेखत तिची पिशवी अंगणात उपडी केली. दोन झगे, एक कंगवा, लेकीचा फोटो. दात काही निघाले नाहीत.

आजोबा जोरजोरात मान हलवत म्हणाले, “वुविवार वाही! वुविवार वाही!”

“बघा, बिचाऱ्यांना केवढा धक्का बसलाय, मान थरथरतेय नुसती,” काकू म्हणाल्या. “गुलिझार, दुपारच्या मिनीबसने गावाला जा. मला चोर नकोत.”

“बाई, असं पाठवलंत तर या किनाऱ्यावर मला कुणी दारात उभं करणार नाही,” गुलिझारताई हळूच म्हणाली. पण काकू तोवर ऑलिव्हची वाटी घेऊन चालू लागल्या होत्या.

नेरमिनला इतका राग आला की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने दोघांना द्राक्षाच्या मांडवाखाली ओढलं.

“पोहणं रद्द. मिनीबस निघायच्या आत दात सापडले पाहिजेत.”

“सोन्याच्या दाढांसाठी कुणी अख्खी कवळी चोरेल?” ओक्ताय म्हणाला. “शी! दुसऱ्याच्या थुंकीची!”

“आणि तो निळा मग कुणी का चोरेल? तो तर हॉटेलचाच,” नेरमिन म्हणाली. “चला, स्वयंपाकघरात डोकावू.”

खिडकीतून सगळं दिसत होतं. भिंतीवर खिळ्यांची रांग आणि खिळ्यांना निळे मग. एकही खिळा रिकामा नव्हता! तुना सडपातळ. तो खिडकीतून आत उतरला आणि एकेक मग हुंगत सुटला.

“हा! याला पुदिन्याचा वास येतोय! आणि आतून ओलासुद्धा आहे!”

“बाहेर ये लवकर!” ओक्तायने त्याला काखेत धरून वर ओढलं. “म्हणजे चोराने दात घेतले आणि मग नेऊन जागेवर टांगला? भलताच टापटिपीचा चोर म्हणायचा!”

“स्वयंपाकघरात जातं कोण?” नेरमिनने विचारलं. “काकू तर कुणाला उंबरठासुद्धा ओलांडू देत नाहीत. गुलिझारताईचा चहापण बाहेर आणून ठेवतात. म्हणजे तो मग टांगला काकूंनीच.”

“काकूंनी दात चोरले?” ओक्तायचे डोळे विस्फारले.

“अरे गाढवा, चोरले नाहीत. त्यांनी तो मग कशाला तरी घेतला असणार, घाईघाईत, आत न बघता. कशाला बरं?”

तुना शर्टाचं टोक पिळत उभा होता.

“हा शर्ट ओला कसा झाला रे?” नेरमिनने विचारलं.

“सकाळी शेजारच्या खोलीतला एंगिन घरच्यांबरोबर उघड्या टेम्पोतून गावी निघाला ना, तेव्हा मी हात करायला मागे धावलो. काकूंनी टेम्पोमागे पाणी फेकलं आणि निम्मं माझ्याच अंगावर आलं.” तुनाने शर्ट झटकला. “आणि टेम्पोत काहीतरी टण्णकन वाजलं. मला वाटलं, खडा असेल.”

नेरमिन आणि ओक्तायने एकमेकांकडे पाहिलं. निघणाऱ्याच्या मागे पाणी टाकायचंच, म्हणजे तो पाण्यासारखा सुखरूप जातो आणि पाण्यासारखा परत येतो! काकू तर एकाही पाहुण्याला कोरडं जाऊ देत नसत. टेम्पो हलला, हाताशी भांडं नाही, फळीवर पाण्याने भरलेला मग दिसला...

“आजोबांचे दात टेम्पोत बसून एंगिनच्या गावाला, एस्किशेहिरला निघालेत!” ओक्ताय ओरडला.

“अजून नसतील निघाले!” नेरमिन म्हणाली. “एंगिन म्हणाला होता, खिंडीतल्या झऱ्यावर कॅन भरायचे, पाइनच्या सावलीत जेवायचं आणि मगच पुढे. पळा!”

मोटारीचा रस्ता डोंगराला वळसे घेत वर जातो. शेळ्यांची वाट मात्र ऑलिव्हच्या बागांमधून सरळ चढते. तिघं त्या वाटेने सुटले. खाली घसरती खडी, वर तापलेलं ऊन आणि कानात झाडांवरच्या किड्यांची किरकिर. तुनाच्या चपलेचा अंगठा तुटला. ओक्तायने त्याला पाठुंगळीला घेतलं.

“केवढा जड झालायस! काय खातोस तू?”

“तुझ्या ताटातलं चीज,” तुना म्हणाला.

वर पोचले तेव्हा तिघंही घामाने निथळत होते. पण टेम्पो तिथेच होता! एंगिनचे वडील कलिंगड कापत होते आणि आजी गादीवर पाय पसरून बसली होती.

“अरे, तुम्ही इथे कसे?” एंगिन आनंदाने ओरडला.

“दात!” नेरमिन धापा टाकत म्हणाली. “आजोबांचे दात तुमच्या टेम्पोत आहेत!”

एंगिनच्या आजीने घाईघाईने स्वतःच्या तोंडात बोट घालून पाहिलं. “माझे तर इथेच आहेत, बाई!”

मग जी शोधाशोध झाली! गाद्या झटकल्या, उश्या चाचपल्या, कांद्याचं पोतं हलवून पाहिलं. दात कुठेच नाहीत. ओक्तायने टेम्पोखाली वाकून पाहिलं आणि नाक काळं करून घेतलं. नेरमिनचा धीर सुटत चालला. मिनीबस निघाली तर? ताईला काय तोंड दाखवायचं?

“टण्ण वाजलं होतं,” तुना पुटपुटत होता. “गादी टण्ण वाजत नाही. पोतं टण्ण वाजत नाही...”

त्याची नजर एंगिनच्या पत्र्याच्या बादलीवर गेली. बादली शिंपल्यांनी काठोकाठ भरली होती. पांढरे, गुलाबी, नक्षीदार शिंपले! तुनाने त्यांत हात घातला आणि शिंपल्यांच्या गर्दीतून एक भलामोठा, गुलाबी, दातेरी शिंपला वर काढला. त्याला सोन्याच्या दाढा होत्या!

“अय्या!” आजी म्हणाली आणि इतकी हसली, इतकी हसली, की कलिंगडाची फोड तिच्या हातातून मातीत पडली.

एंगिनच्या वडिलांना सगळं सांगितल्यावर त्यांनी लगेच टेम्पो वळवला. हॉर्न वाजवत तो उतार उतरला. चिनाराखालच्या थांब्यावर मिनीबस उभी होती आणि गुलिझारताईचा एक पाय पायरीवर होता.

“ताई, थांब!”

“कशाला थांबू? अजून काही हरवलंय का?” तिचा आवाज कोरडा होता.

“हरवलेलं सापडलंय,” नेरमिन म्हणाली. “पण तू फक्त चल आणि काही बोलू नकोस. बघ तर खरं!”

मांडवाखाली पाहुणे जेवायला बसले होते. आजोबा पावाचा तुकडा चहात बुडवून कसाबसा गिळत होते. टेम्पो परत आलेला पाहून सादेतकाकू चकित झाल्या.

“काय राहिलं तुमचं? आणि ही परत का आली?”

“काकू,” ओक्ताय अगदी भोळेपणाने म्हणाला, “एंगिन म्हणतोय, आज त्यांच्या टेम्पोमागे कुणी पाणीच टाकलं नाही. म्हणून त्यांना मागे फिरावं लागलं.”

एंगिन तोंड उघडणार होता. नेरमिनने त्याच्या पायावर पाय दिला.

“पाणी टाकलं नाही?” काकूंचा चेहरा लालबुंद झाला. “मी? आयुष्यात कधी माझा पाहुणा पाण्याशिवाय निघालेला नाही! विचारा गावात! या, या हातांनी टाकलं! मग भरून टाकलं!”

“कुठला मग?” नेरमिनने विचारलं.

“कुठला म्हणजे? टेम्पो निघाला होता, आत जायला वेळ कुठे होता? तिथे फळीवर होता तो उचलला आणि...”

काकू थांबल्या. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता. तुनाने मूठ उघडली.

दात स्वच्छ धुतले गेले आणि जागेवर बसले. आजोबांनी जबडा इकडून तिकडे हलवला आणि टेबलावर हात आपटला.

“सकाळपासून मी बोंबलून सांगतोय, गुलिझार नाही, गुलिझार नाही! एवढी माणसं, पण एकाला कळेल तर शपथ!” मग त्यांनी तिन्ही नातवंडांना जवळ ओढलं. “आम्ही मोठ्यांनी आरडाओरडा केला, तुम्ही डोकं चालवलंत. शाबास रे माझ्या वाघांनो!”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एंगिनच्या वडिलांनी ओक्तायची पाठ इतक्या जोरात थोपटली की त्याला ठसका लागला. गुलिझारताई मात्र पिशवी हातात घेऊन तशीच उभी होती.

“चुकलं माझं, गुलिझार,” काकू खालच्या आवाजात म्हणाल्या.

“मालकीणबाई, चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर, मोठ्याने.”

काकूंनी सगळ्या टेबलांकडे पाहिलं. मग सगळा मांडव ऐकेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “चूक माझी होती! गुलिझारने काहीही घेतलं नव्हतं. मी न बघता दात फेकले आणि न विचारता तिला चोर ठरवलं.”

“बस ना ताई,” तुनाने आपल्या शेजारची खुर्ची मागे ओढली.

गुलिझारताईने या मांडवात शेकडो ताटं उचलली होती, पण इथल्या खुर्चीवर ती कधी बसली नव्हती. तिने एकदा काकूंकडे पाहिलं, पिशवी पायाशी ठेवली आणि पाहुण्यांच्या मधोमध बसली. काकूंनी मुकाट्याने तिच्या पुढ्यात भात वाढला, वांगी वाढली, चहाचा पेला आणून ठेवला. ताई सावकाश जेवली. सगळा चहा प्यायली. मग तिने रिकामा पेला पुढे सरकवला.

“अजून एक,” ती म्हणाली.

आणि सादेतकाकू उठल्या.