मधली पंगत

दीड मीटरचं अंतर राखायच्या नादात हृषिकेश पायवाट सोडून गवतात उतरला, पाय घसरला आणि स्वारी थेट चिखलात बसली.

"आई गं…"

समोरून येणारी मानसी थबकली. मेलबर्नच्या वेरिबी नदीच्या काठी, ऑगस्टमधल्या तिथल्या ऐन हिवाळ्यात, त्या बोचऱ्या भुरभुर पावसात, मास्क लावलेला कुणी मराठीत कण्हेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. ती दिवसभर लॅबमध्ये कोविडचे स्वॅब तपासायची. आपल्यामुळे कुणाला काही झालं तर, या धास्तीने ती दुकानातही हात खिशात घालून उभी राहायची.

"लागलं का?" तिने लांबूनच विचारलं.

"मगाशी नव्हतं लागलं." त्याचे डोळे हसले. बाकीचं मास्कखाली होतं. "तू मराठीत विचारलंस ना… आता थोडं लागलंय."

त्या वर्षी मेलबर्नमध्ये घराबाहेर पडायला दिवसाला एक तास मिळायचा आणि सोबत एकच माणूस चालायचा. हृषिकेशने आपला एकच माणूस ठरवून टाकला. मानसीने मात्र काहीच ठरवलं नव्हतं. ती फक्त रोज त्याच वेळेला बुटांच्या नाड्या बांधायची, एवढंच.

तो पुण्याचा, आयटीतला आणि बडबड्या. लहानपणच्या गोष्टी सांगायला लागला की थांबायचा नाही. पोहण्याचा क्लास, आजोळची आमराई, वाढदिवसाला मिळालेली सायकल. "आणि तू?" असं त्याने विचारलं की मानसी पावलं भराभर उचलायची.

"आमचंही असंच," ती म्हणायची.

असंच नव्हतं. नांदेडला नाल्याकाठच्या वस्तीत पत्र्याच्या एका खोलीत ती भावंडांसोबत वाढली होती. वडील लवकर गेले. आई, सोजरबाई, चार घरची धुणीभांडी करायची. शिष्यवृत्त्यांवर शिकत शिकत मानसी इथवर पोचली, पण कुणीतरी एक दिवस ओळखेल ही भीती तिच्याबरोबर विमानात बसूनच आली होती. आता त्या भीतीत आणखी एक मिसळली होती. त्याला कळलं तर? तो वाईट वागला असता तर तिने सोसलं असतं. पण त्या हसऱ्या डोळ्यांत कीव दिसली असती तर ती तिथेच मेली असती.

आणि नेमका तो सिनेमा आला. वस्तीतल्या एका बहीणभावाची गोष्ट, ऑनलाइन आलेली आणि जिकडे तिकडे गाजणारी. महाराष्ट्र मंडळाच्या मुरलीधरकाकांनी फर्मान काढलं, की सगळ्यांनी आपापल्या घरी बघायचा आणि शनिवारी दुपारी झूमवर चर्चेला यायचं.

"तूही ये ना," हृषिकेश म्हणाला. "तुझं नाक कसं आहे ते तरी कळेल."

"नाकात काय बघायचंय?"

"ते बघितल्यावर सांगतो."

खरंच, इतके दिवस सोबत चालून दोघांनी एकमेकांचा पुरा चेहरा पाहिलेला नव्हता. मानसीने शनिवारी काजळ घातलं, पुसलं, पुन्हा घातलं. पडद्यावर चौकटी उघडल्या आणि एका चौकटीत तो होता. हनुवटीवर खळी. ही खळी आपल्याला कुणी सांगितली कशी नाही, असा वेडा विचार तिच्या मनात आला.

चर्चा रंगली. सरितावहिनी सिनेमा आठवूनच पुन्हा रडायला लागल्या. नरेंद्रने नाक मुरडलं. "गरिबी विकतात हे लोक. बाहेरच्या देशांत बक्षिसं मिळवायला. मेट्रो नाही दाखवणार, झोपडपट्टीच दाखवणार."

"मी तर मुलीला मुद्दाम बसवलं," सरितावहिनी म्हणाल्या. "कळू दे जरा."

"मम, कॅन आय गो नाऊ?" मागून आवाज आला.

सुनेत्राताईंचं मत ठाम होतं. "मला ती आईच आवडली नाही बाई. पोरांना घेऊन परक्याच्या लग्नात घुसते काय, जेवते काय. गरीब असावं, पण लाज असावी."

मानसीने हात टेबलाखाली घट्ट धरले. बोलू नकोस, ती स्वतःला बजावत होती. गप्प बसलं की वेळ निघून जाते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"तो लग्नाचा सीन मला पण पटला नाही," हृषिकेश बोलायला लागला. "म्हणजे… सिनेमा चांगलाय. पण खरंच असं कुणी जाऊन जेवू शकतं का? आपल्या लग्नात दहा जण विचारतात, कुठले तुम्ही, कोणाचे. आणि कपड्यांवरून, वागण्यावरून कळतंच ना यार."

कळतंच. मानसीने त्या खळीकडे पाहिलं. आणि तिचं बोट म्यूटच्या बटणावर गेलं.

"नाही कळत," ती म्हणाली.

सगळ्या चौकटी तिच्याकडे वळल्या.

"मुलीकडच्यांना वाटतं हे मुलाकडचे. मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे. आणि व्याह्यांच्या माणसाला तोंडावर विचारायची कुणाची छाती होत नाही. अपमान होईल म्हणून सगळे गप्प." ती थांबली नाही. "फक्त पहिल्या पंगतीला बसायचं नाही, ती मानाची. शेवटच्या पंगतीला बसायचं नाही, ती घरच्यांची. मधल्या पंगतीत बसायचं. मान खाली घालायची आणि मठ्ठा मागून घ्यायचा."

"हे तुला कसं गं ठाऊक?" सुनेत्राताईंनी विचारलं.

"मी जेवलेय म्हणून. आई न्यायची आम्हाला. आणि ताई, तिला लाज होती. पण आम्हाला भूक होती."

कुणी काही बोलणार, तेवढ्यात पडदा कोरा झाला. मुरलीधरकाका झूमला पैसे भरतील तर शपथ! फुकटची चाळीस मिनिटं संपली की सगळ्यांनी त्याच लिंकवरून परत यायचं, हा मंडळाचा रिवाजच होता. मानसी परत गेली नाही.

संध्याकाळभर फोन वाजत राहिला. सरितावहिनींचे जोडलेले हात, कुणाचं "प्राउड ऑफ यू", सुनेत्राताईंचं लांबलचक सॉरी. हृषिकेशचं काहीच नाही. नेहमी सकाळच्या चहाचासुद्धा फोटो पाठवणारा माणूस गप्प होता. संपलं सगळं, ती स्वतःशी म्हणाली, आणि उशीत तोंड खुपसून रडली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. काय गरज होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नदीवर गेली ती जीव मुठीत धरूनच. तो पुलाजवळ उभा होता. मास्क, ओली टोपी आणि खाली गेलेले डोळे.

"मी परत जॉइन झालो होतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सॉरी म्हणालो. तू नव्हतीस."

"मेसेज करायचास."

"लिहीत होतो. पुसत होतो. प्रत्येक वेळी काहीतरी मोठेपणाचं वाटायचं… माझ्या मोठेपणाचं." त्याने टोपी सारखी केली. "मला भीती वाटत होती, तू आज येणार नाहीस."

"तुला भीती?"

"खूप."

तिने त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. शोध शोध शोधलं. कीव नव्हती. एक घाबरलेला मुलगा होता फक्त, तिच्याइतकाच.

"अजून एक भीती आहे," ती हळूच म्हणाली. "आईला न विचारता तिची गोष्ट मी चव्हाट्यावर मांडली. ती कधीच बोलत नाही त्यावर. तिला कसं सांगू?"

"आत्ता सांग. मी थांबतो इथे."

फोन लागला. पडद्यावर सोजरबाईंचा चष्मा आणि कपाळच तेवढं दिसत होतं. मानसीने अडखळत सगळं सांगितलं.

"मग?" सोजरबाई म्हणाल्या. "चोरलं होतं का आपण? अक्षता टाकल्या की. प्रत्येक पोरीला मनापासून आशीर्वाद दिलाय मी. कुणाचं वाईट झालं नसेल बघ." मग आवाज बदलला. "अन् हे टोपीवालं कोण उभंय बाजूला?"

"नमस्कार काकू. मी हृषिकेश."

"जेवलास का बाळा?"

तो पोटभर जेवून आला होता. त्याने मानसीकडे पाहिलं. "नाही अजून," तो म्हणाला.

"अगं मग घरी ने त्याला. वाढ काहीतरी. भिजतंय ते पोरगं."

"आई, इथं कुणाच्या घरी जाता येत नाही. बंदी आहे. फक्त…" मानसीने मास्क सारखा केला. "जोडीदार असेल तरच चालतं."

"मग तुमचं तुम्ही बघा," म्हणून सोजरबाईंनी फोन ठेवला.

पाऊस भुरभुरत होता. दोघंही नदीकडे बघत राहिली.

"भात टाकते," शेवटी मानसी म्हणाली, इतक्या हळू की त्याला वाकावं लागलं.

रस्त्याच्या वळणावर पोलिसांची गाडी उभी होती. तेव्हा नियम मोडला तर दंड जबर असायचा, आणि तिचा व्हिसाही अजून कायमचा झालेला नव्हता. पोलीस खाली उतरला.

"वेअर यू हेडेड, मेट?"

"हर प्लेस," हृषिकेश म्हणाला. त्याने घसा साफ केला. "फॉर अ मील. शी इज माय पार्टनर."

पोलिसाने मानसीकडे पाहिलं. "दॅट राइट?"

हृषिकेश तिच्याकडे बघत नव्हता. तो बुटांकडे बघत होता, आणि त्याच्या टोपीवरून पाणी ठिबकत होतं. एक नाही म्हटलं असतं तरी सगळं तिथेच संपलं असतं. खिशातला हात मानसीने बाहेर काढला आणि त्याच्या गार पडलेल्या हातात दिला.

"हो," ती म्हणाली. मग पोलिसासाठी म्हणाली, "येस."