ऋजूची नळी

दीड चमचा रक्तात अब्जावधी पेशी असतात. त्यातल्या जेमतेम नऊ परक्या आहेत. त्या शोधाल कशा?

हे कोडं मला २०४१ साली मिरजेच्या एका प्रयोगशाळेत तिथं रक्त तपासणाऱ्या मुजावर मावशींनी घातलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आज पंच्याहत्तरी उलटली, तरी त्यांचे ते शांत हात मला स्पष्ट आठवतात.

माझ्या आबांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला होता आणि तो अंगभर पसरला होता. नवं औषध सुरू होऊन महिना झाला होता. ते लागू पडत नसेल, तर याहून फार जहाल औषध द्यावं लागणार होतं.

"गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तातून हिंडतात," मावशी म्हणाल्या. "त्या फिरत्या कर्कपेशी. त्यांच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते रक्तपेशींवर नसतं. आमचा टिप्या त्या प्रथिनाला चिकटणारे चुंबकीय कण रक्तात सोडतो आणि चुंबकानं त्या पेशी ओढून घेतो."

टिप्या म्हणजे टेबलावरचा यंत्रमानव. महिन्यापूर्वी त्यानं आबांच्या रक्तात नऊ पेशी मोजल्या होत्या.

मावशींनी आबांच्या हातातून रक्ताच्या दोन नळ्या भरल्या. "पहिली टाकून द्यायची," म्हणाल्या आणि फोन घ्यायला बाहेर गेल्या.

आबांचं रक्त टाकून द्यायचं? मला ते बघवेना. मी पहिलीच नळी टिप्याच्या खाचेत ठेवली.

"चौदा," टिप्या म्हणाला.

नऊच्या चौदा! मला रडू फुटलं. आबा हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "वा! परीक्षेत कधी एवढी प्रगती नव्हती माझी."

मावशी धावत आल्या. त्यांनी आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "ऋजू, कुठली नळी लावलीस?"

मी सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. माझ्या दंडावर बोट टेकवून म्हणाल्या, "सुई आधी कातडीतून जाते. जाताना तिथल्या पेशी खरवडून आणते. त्यांच्यावरही तसलंच प्रथिन असू शकतं. म्हणून पहिली नळी टाकायची. टिप्या खूण ओळखतो, पेशी कुठून आली ते त्याला कळत नाही."

दुसरी नळी लावली. टिप्या बराच वेळ गुणगुणत राहिला. आबांनी माझा हात घट्ट धरला.

"दोन."

"म्हणजे आबा बरे झाले?"

"नाही गं. औषध लागू पडतंय, असं दिसतं. संख्या उतरली की पुढचे दिवस चांगले जाण्याची शक्यता वाढते. शक्यता हं, वचन नाही."

त्या शक्यतेवर आबांनी पुढे तीन वर्षं आंबे खाल्ले.

मावशींनी त्या दिवशी टाकायच्या नळ्यांच्या ट्रेवर माझं नाव लिहिलं. मोठेपणी मी त्याच प्रयोगशाळेत कामाला लागले, तेव्हाही ते तिथंच होतं. परवा चंद्रावरच्या दवाखान्यातून एका डॉक्टर मुलीनं काही विचारायला फोन केला. बोलता बोलता ती यंत्राला म्हणाली, "ऋजूची नळी आधी बाजूला काढ बरं."

ऋजू कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.