उचलायची घाई

पोट्टेहो, बाळापूरचा वली तुमाले माईत आहे. मोटारपंप दुरुस्त करते. थापा मारनारा मानूस नाही तो.

गेल्या साली वीस नोव्हेंबरले, गुरुवारी, तो अकोल्याहून तांब्याची तार घेऊन गाडीवर घरी निघाला. अमावास्या होती. रातचे सव्वाआठ.

त्याच्या आदल्या साली याच रस्त्यावर उत्तमराव भाजीवाले कांद्याच्या ट्रॉलीखाली सापडले होते. दोन्ही मांड्या दुपारपासून दबून. तरी नीट बोलत होते. वली सांजच्याले पोचला, त्यानं जॅक लावला. उत्तमराव म्हनले, "थांब वली, डॉक्टर येऊ दे." वलीनं आयकलं नाही. ट्रॉली उचलली. पाचव्या मिनिटाले मानूस गेला.

डॉक्टर मंग बोलले, दबलेल्या मांसाचं जहर खाली अडकून असते. वजन उठलं की ते रगतातून काळजात जाते. आधी सलाईन लावा लागत होती.

उत्तमराव 'थांब' म्हनले होते, हे वली फकत माह्याजवळ बोलला.

तर त्या अमावास्येच्या राती अकोल्याबाहेरच्या पुलाच्या अलीकडं त्याले पलटी झालेली ट्रॉली दिसली. कांद्याचा उग्र वास. त्यानं गाडी थांबवली, वाकून पाहिलं. खाली अंधार.

"वली..."

आवाज वळखीचा होता.

"पानी दे."

वलीनं बाटली पुढं केली. बाटली कोनी घेतली नाही. त्याचं मनगट धरलं. थंडगार हात.

"उत्तमराव, मले माईत नव्हतं..."

मनगटावरची पकड आनखी घट झाली.

"मले तुमाले वाचवाचं होतं."

"मी थांब म्हनलो होतो."

वलीनं हात ओढला. सुटेना.

"आता तू थांब."

मंग त्याच्या मांड्यांवर काहीतरी टेकलं. दिसत काहीच नव्हतं. जड होतं. आनखी जड...

साडेआठले दुधाची गाडी आली. रस्ता मोकळा. ट्रॉली नाही, कांदा नाही. वली आडवा पडून. दूधवाल्यानं मले फोन केला. आमी त्याले अकोल्याले दवाखान्यात नेलं. वाटेत त्यानं मले हे सारं सांगतलं. अंगावर खरचटलंही नव्हतं. पाय मात्र हलत नव्हते.

रगत तपासलं. मिस्बाह नावाची तरणी डॉक्टरीन कागद घेऊन बाहेर आली. मले बाजूले घेतलं.

"काका, खरं सांगा. यांच्या मांड्यांचं मांस मेलंय. किडन्या बंद पडत चालल्यात. निदान चार तास हे कशाखाली तरी दबून होते. कशाखाली?"

मी खिशातून फोन काढून पाह्यला.

आठ वाजता वली अकोल्यातल्या दुकानातून माह्याशी फोनवर बोलला होता.