डबा रिकामा देऊ नये

लीनाताईंनी उभा जन्म नगरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं, तर थांबून मांजराचीच विचारपूस करणारी ही बाई. पण लेकीच्या बाळंतपणापुढे भल्याभल्यांचं विज्ञान गुडघे टेकतं. रुचाला नववा लागला होता. जावई केदार डॉक्टर. साथीमुळे तो दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात अडकला होता आणि परदेशातल्या त्या घरात पोर एकटी होती.

त्या देशाने साथीच्या भीतीने दारं लावून घेतली होती. आईला प्रवेश होता, पण नियम कडक. निघण्याआधी दोन आठवडे एकटं राहायचं, कुणाच्या समोर यायचं नाही. रोज दुपारी तिकडची अधिकारी व्हिडिओवर चौकशी करणार. अनोळखी माणसाशी संपर्क आला, की परवाना रद्द. पुन्हा अर्ज करेपर्यंत नातवंड रांगायला लागलं असतं.

म्हणून मामेभाऊ यज्ञेश्वरने भंडारदऱ्याच्या पाण्याकाठचं आपलं रिकामं घर दिलं. वाडीतली छबूबाई फाटकाबाहेरच्या दगडावर जेवणाचा डबा ठेवून जाईल, तोंड दाखवणार नाही, असंही त्याने ठरवून दिलं. एवढं नियमात बसत होतं.

पहिल्याच दुपारी डबा आला. स्टीलचा, गोल, झाकणाला पोचा पडलेला. आत गरम भात आणि वरण. लीनाताई पोटभर जेवल्या, डबा घासला आणि सवयीने त्यात मूठभर साखर घातली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं आणि त्यांनी रुचाला. यात अंधश्रद्धा कसली, ही माणुसकी, असं त्या म्हणत.

मग रोजचं सुरू झालं. त्या डब्यात कधी चिक्की घालत, कधी केळं. घालावं तितका पुढचा डबा जास्त भरून येई. छबूबाईचा हात सढळ आहे, म्हणून त्यांना कौतुक वाटायचं. फक्त भाताला मीठ नसायचं. एकदा त्यांनी ‘मीठ घाला’ अशी चिठ्ठीही ठेवली. चिठ्ठी गेली, मीठ आलं नाही.

डबा ठेवणारी मात्र कधी दिसली नाही. भातखाचरांमधली वाट ओली होती, चिकणमातीची. लीनाताईंची स्वतःची चप्पल तिच्यात रुतायची. पण वाटेवर दुसरं पाऊल उमटलेलं नसायचं. डब्याला धरणाच्या तळातल्या गाळासारखा वास यायचा. बाई धरणावर भांडी घासत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

एका सकाळी फोन वाजला.

“बाई, मी छबूबाई. राग मानू नका. तुमी आल्या त्याच दिशी वाडीनं रस्ता बंद केला. माझ्या घरात दोघं तापानं पडल्यात. फोनबी लागंना. तुमच्या खायचे लई हाल झाले आसतील.”

“हाल कसले? रोज तुमचाच डबा जेवतेय की!”



“कसला डबा, बाई? आमच्यातलं कुनीच न्हाई आलं तिकडं.”

लीनाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी डब्याचं वर्णन सांगितलं.

“आन तुमी परत काय दिलं?”

“साखर. चिक्की. काल केळं.”

“रिकामा द्यायचा हुता, बाई. ज्याचं द्याल, त्याच्या मागं लागतंय त्ये,” छबूबाई हळू आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दुपारी लीनाताईंनी डबा उचललाच नाही. कुणीतरी खोड्या काढतंय, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डबा फाटकाच्या आत, पायरीवर होता.

तिसऱ्या दिवशी दाराला आतून कडी होती. डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता. झाकणाखालून वाफ येत होती.

तेवढ्यात अधिकारी बाईचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावरची तरुण बाई नेहमीसारखी हसली. “जेवण कोण देतं?”

लीनाताईंनी सांगायला तोंड उघडलं. मग त्यांना रुचाचे सुजलेले पाय आठवले.

“छबूबाई. ठरलेलीच बाई आहे,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी भात मातीत पुरला. डबा घासला, कोरडा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामं भांडं परत ठेवलं. दगडाकडे पाठ करून त्या धावतच घरात आल्या.

दुसऱ्या दिवशी दगडावर काही नव्हतं.

त्यानंतरही नाही. लीनाताई बिस्किटांवर राहिल्या आणि त्यांना ती गोड लागली. तपासणी झाली, परवाना आला. बॅग भरताना त्या चक्क गुणगुणत होत्या. तेवढ्यात रुचाचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी आज प्रसन्न दिसत होती.

“आई, आज किती दिवसांनी घरचा वरणभात जेवले!”

“कुणी दिला?”

“अगं, तेच तर कळत नाही. दाराबाहेर डबा होता. जवळपास कुणी मराठी बाई राहत असणार. भात कसला गरम होता! मीठ घालायला तेवढी विसरली बिचारी.”

लीनाताईंनी बॅग बाजूला ढकलली आणि फोन तोंडाजवळ धरला.

“रुचा, डबा कुठे आहे?”

“घासून परत ठेवला. लगेच गेलासुद्धा.”

“रिकामा ठेवलास ना? रुचा, रिकामाच ठेवलास ना?”

“काहीतरीच काय, आई! तूच शिकवलंयस ना,” रुचा हसली. “घरात खायचं काही नव्हतं. मग बाळासाठी विणलेलं टोपडं ठेवलं त्यात.”