दुपारचा पहारा

सुरतेला दोन दिवस फिरून येऊ, असं हितेंद्रनं काढलं तेव्हा सुनंदाबाईंचं उत्तर ठरलेलंच होतं.

"तुम्ही दोघं जा. मी इथं बरी."

"इथं काय आहे एवढं? केळीला ठिबक आहे, पाणी वेळेवर सुटतं. तू दोन दिवस दिसली नाहीस म्हणून घड काही रडत बसणार नाहीत."

"आणि आई, तिथं साडीच्या दुकानात ह्यांना एकट्याला नेलं तर हे दारातच मोबाइल बघत बसतात," मयुरी म्हणाली. "भाव करायला मला तुम्ही लागता."

सून अशी लाडीगोडीनं बोलली की सुनंदाबाईंना नाही म्हणवत नसे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी असोद्याच्या घरापुढं गाडी उभी राहिली. मयुरीनं सासूच्या पायांना हात लावला. लांबच्या वाटेला निघताना मोठ्यांच्या पाया पडायचं, ही तिची माहेरची सवय. पाया पडून ती पाण्याची बाटली आणायला आत गेली आणि स्वयंपाकघरात थबकली. ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं. खाली वांग्याचं भरीत, कळण्याच्या दोन भाकरी, वाटीत दही.

"आई, आपण सोमवारी येणार. हे कोणासाठी?"

सुनंदाबाई ओशाळल्या. "हात सवयीनं चालतो गं. राहू दे, मांजर खाईल."

मयुरीनं ताट पुन्हा झाकलं. ते कोणासाठी ते घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

शालिग्रामभाऊंना, सुनंदाबाईंच्या नवऱ्याला, जाऊन दोन वर्षं होत आली होती. पारोळ्याच्या अलीकडे आत फाट्यावर त्यांच्या मामांचं गाव. तिथं दरवर्षी माघात हरिनाम सप्ताह बसायचा, आणि दुपारचा वीणेचा पहारा भाऊंचा असायचा. ज्यांनी सप्ताह पाहिला आहे त्यांना सांगायला नको; पण ज्यांनी नाही पाहिला त्यांच्यासाठी सांगते. सात दिवस रात्रंदिवस वीणा वाजती राहते. ती जमिनीला टेकवायची नाही. एकानं गळ्यात घालून देवाकडे तोंड करून उभं राहायचं, नाम घ्यायचं, आणि दुसरा आला की त्यानं आधी वीणेला, मग धरणाऱ्याच्या पायांना हात लावून ती आपल्या गळ्यात घ्यायची. एवढं झालं की पहारा बदलला. दुसरा येईपर्यंत पहिल्यानं हलायचं नाही. दुपारचा पहारा कोणालाच नको असतो, कारण तेव्हा बाहेर पंगत बसलेली असते, आमटीचा वास मंडपात येत असतो. भाऊ तो हौसेनं मागून घ्यायचे. कीर्तनाचं वेड असलेला माणूस. त्यांच्या सोबतीनं सुनंदाबाईंनी किती कीर्तनं ऐकली याला गणती नाही. बुवा अभंग लावून धरायचे तेव्हा टाळकऱ्यांच्या रांगेतून भाऊंचा आवाज वेगळा ओळखू यायचा. नाम घेण्याआधी ते दर वेळी बारीक खाकरायचे. सुनंदाबाई बायकांत बसून त्या खाकरण्याची वाट बघायच्या.

त्या दिवशीही मोटारसायकलीला किक मारताना म्हणाले होते, "ताट झाकून ठेव. पहारा सुटला की येतो. सोबत जेवू."

पंगत लांबली. घ्यायला येणारा वेळेवर आला नाही. भाऊ खांबाला टेकून हळूहळू खाली बसले ते बसलेच. ज्यांनी त्यांना घरी आणलं ते रडत रडत सांगत होते, "अक्का, जीव गेला पण वीणा जमिनीला लागू दिली नाही त्यांनी. छातीवर धरलेली होती दोन्ही हातांनी. आम्ही मागून पट्टा सोडवून काढली."

सुनंदाबाईंनी एकच विचारलं होतं. "त्यांच्याकडून घेतली कोणी?"

सांगणाऱ्यानं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला.

जळगाव मागं पडलं. एरंडोलपर्यंत मयुरी सुरतेत आधी लोचो खायचा की घारी यावर बोलत राहिली, आणि एरंडोल सोडताच मागचं चाक बसलं. हितेंद्रनं डिकी उघडून स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नाही.

"परवाच भरली होती ना?" मयुरी म्हणाली.

"परवाच भरली होती."

"मग सुरतेला चालत जाऊ. साड्या डोक्यावर आणू."

पुढं पंक्चरवाला होता. हितेंद्र चाक लोळवत तिकडं गेला. सुनंदाबाई रस्त्याच्या कडेला उतरून उभ्या राहिल्या. पऱ्हाट्या उपटलेलं रान, मधे हरभऱ्याचा हिरवा तुकडा, वर नुसतं ऊन. त्या उन्हातून बारीक आवाज आला. तुण. थोडं थांबून पुन्हा तुण.

"मयुरी, इकडं कुठं सप्ताह बसलाय का गं?"

मयुरीनं कान दिला. "मला तर नुसते ट्रक ऐकू येतात, आई."

सुनंदाबाईंनी मान डोलावली. त्या भोळ्या नव्हत्या. देवावर त्यांचा विश्वास होता, भुतांवर नव्हता. आणि कीर्तनात बुवाही तेच सांगतात, की नाम घेणाऱ्यानं भिऊ नये. एखाद्या ट्रॅक्टरवर भजन लावलं असेल, त्यांनी मनाशी म्हटलं.

चाक बसवून निघाले. पारोळ्याच्या अलीकडे गाडीचा काटा एकाएकी लालमध्ये गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. हितेंद्रनं गाडी निंबाखाली घेतली.

"पाणी तर भरलेलं आहे," तो बॉनेटखालून म्हणाला. "मी पाइपच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढली, आणि हा एक पाइप का तापला ते मला कळू नये!"

"भाऊ असते तर हसले असते तुला," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या.

तुण तुण आता जवळून येत होतं. आणि मधे कोणीतरी खाकरलं.

त्यांनी निंबाच्या खोडाला हात टेकला. ऐकू आलं ते सांगून टाकलं तर थांबेल, असं त्यांना वाटलं. आणि ते थांबायला नको होतं. दोन वर्षांत त्यांनी कितीदा तरी दुपारी कडी वाजेल म्हणून कान दिला होता. त्यांच्या मोबाइलमध्ये भाऊंचा आवाज कुठंच नव्हता. फोटो होते ढीगभर, आवाज नव्हता.

इंजिन निवलं. थोडं पुढं गेले तर पोलीस उभा. पुढं टँकर आडवा झाला होता; सगळ्या गाड्या आतल्या रस्त्यानं वळवत होते. हितेंद्रनं आरशातून आईकडे पाहिलं. रस्ता कोणत्या गावावरून जातो ते दोघांनाही माहीत होतं.

"आई, डोळे मिटून घे. पाच मिनिटांत पार होऊ."

"कशाला मिटू?" त्या म्हणाल्या.

पुढच्या गाड्यांची धूळ बसली तेव्हा पुढं एकही गाडी नव्हती. गाव आलं. देवळासमोर येऊन इंजिन एकदा हुंकारलं आणि बंद पडलं. या वेळी हितेंद्रनं बॉनेट उघडलं नाही. नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

देवळापुढं मंडप नव्हता. पंगत नव्हती. पारावर एक म्हातारे बसले होते. सुनंदाबाईंनी त्यांना ओळखलं. भाऊंना घरी आणणाऱ्यांत होते. पितांबर नाना. नानांनी मात्र ओळखलं नाही. डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "कोठून उनात, माय?"

"असोद्याहून. नाना, यंदा सप्ताह नाही का?"

"सप्ताह आते बंद शे." नानांनी देवळाच्या दाराकडे पाहिलं. "दुपारना पहारा कोन्ही घेत नही. बठ्ठा भितस."

"सगळे कशाला भितात?"

"वीणा गयामा टाकी तरी वजन नही लागे, माय. जशी काय दुसराना गयामा शे."

"वजनच लागत नाही? दुसऱ्याच्या गळ्यात असल्यासारखं?" सुनंदाबाईंनी विचारलं.

नानांनी नजर दुसरीकडे वळवली. हितेंद्र फोन उंच धरून रेंज शोधत रस्त्याच्या टोकाला गेला होता. मयुरी गाडीत पदरानं वारा घेत होती. सुनंदाबाईंनी चपला काढल्या.

आत गारवा होता. बुक्क्याचा आणि जुन्या तेलाचा वास. भिंतीवरच्या खुंटीला वीणा टांगलेली, लाल फडक्यात गुंडाळून, वर गाठ मारलेली. त्यांनी ती नीट पाहिली. हे नंतर कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून पाहिली.

मग देवाकडे पाहिलं.

देवासमोर पाठमोरे एक जण उभे होते. पांढरा सदरा. डाव्या खांद्यावर, पट्टा घासतो तिथं, रफू केलेलं. पांढरा दोरा संपला म्हणून हिरव्यानं केलेलं. भाऊ तेव्हा म्हणाले होते, देवाला पाठ दिसत नाही, चालेल.

तुण. तुण.

सुनंदाबाई उभ्या राहिल्या. हाक मारावीशी वाटली, पण पहाऱ्यावरच्या माणसाला हाक मारायची नसते, तो वळणार नाही. देवाकडे पाठ करणार नाही. त्यांना ते माहीत होतं. त्यांना सगळंच माहीत होतं.

घ्यायला कोणी आलं नव्हतं. म्हणून ते उभे होते.

आपण घेतली तर ते जातील. नाही घेतली तर इथंच राहतील. हवं तेव्हा बसनं यावं, इथं बसावं, ही पाठ बघावी, हे खाकरणं ऐकावं. कोणाचं काय जातं? सुनंदाबाईंनी असाही विचार केला. थोडा वेळ का होईना, केला.

तेवढ्यात भाऊंनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. टाचा सुजल्या होत्या. भेगांत धूळ बसली होती.

सुनंदाबाई पुढं झाल्या. आधी वीणेला हात लावला. मग वाकून त्या टाचांना.

पट्टा खांद्यावर आला. वजन आलं. पुष्कळ वजन.

त्यांचं तोंड आता देवाकडे होतं.

मागून कोणीतरी खाकरलं. "जेवली का तू?"

"नाही अजून," त्या म्हणाल्या.

"मग मी पुढं होतो. तू ये."

पावलं फरशीवरून दाराकडे गेली. उंबऱ्याशी चपलांचा आवाज झाला. सुनंदाबाईंचं सगळं अंग मागं वळू पाहत होतं. एकदा चेहरा. एकदाच. पण वळता येत नव्हतं. त्यांनी देवाकडे बघत नाम घेतलं, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

"आई!" हितेंद्र धावत आला. "गाडी आपोआप सुरू झाली. चल. अशी का उभी आहेस? हात का असे धरलेस?"

"कोणी घ्यायला हवं रे," त्या म्हणाल्या.

हितेंद्रनं खुंटीकडे पाहिलं. वीणा तिथंच होती, लाल फडक्यात. त्यानं आईच्या खांद्याला हात लावला आणि काढून घेतला. खांदा एका बाजूनं खचला होता. सुरतेचं नाव मग कोणीच काढलं नाही. हात तसेच छातीशी धरलेल्या आईला त्यानं गाडीत चढवलं आणि गाडी असोद्याकडे वळवली. वाटेत ती एकदाही बंद पडली नाही.

दिवेलागणीला घर आलं. बाहेरचं कुलूप जसंच्या तसं होतं. मयुरीनं आत जाऊन दिवा लावला आणि तिथूनच म्हणाली, "आई, मांजरानं खाल्लं वाटतं."

हितेंद्र स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. जमिनीवर दोन पाट मांडलेले होते. एकापुढचं ताट चाटूनपुसून रिकामं, आणि त्यात वाटी पालथी घातलेली. जेवण झालं की भाऊ अशी वाटी पालथी घालायचे. दुसऱ्या पाटापुढं एक भाकरी आणि अर्धं भरीत झाकून ठेवलेलं होतं.

"बस आई," हितेंद्र कसाबसा म्हणाला. "दोन घास खा."

"बसते," सुनंदाबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका निवळलेला त्यानं दोन वर्षांत पाहिला नव्हता. उजव्या हाताचं बोट हवेत हळूच हलत होतं. "पहारा सुटला की बसते."

मयुरीला रडू फुटलं. "माझ्या हौसेपायी झालं हो आई हे. चुकलं माझं." आणि ती पाया पडायला वाकली.

सुनंदाबाई झटकन मागं सरल्या. पाठ भिंतीला लागली.

"नको गं माय. पायांना हात लावू नको."

आतल्या खोलीत कोणीतरी खाकरलं. हितेंद्रनं मान वळवली.

मयुरीनं वळवली नाही. ती वाकलेलीच होती, हात पुढं करून, कान दिल्यासारखी.

"आई," ती म्हणाली, "हे तुण तुण काय वाजतंय?"