पहिल्या हाकेची ओ

खोपीतले जोंधळे संपले होते, म्हणून केसरबाई सुनेला आणि पोराला घेऊन गावाकडे निघाली. काम एवढंच. जमिनीतलं धान्याचं पेव उघडायचं, गोण्या भरायच्या आणि दिवस मावळायच्या आत माळावर परत यायचं.

ते प्लेगचं साल होतं. उंदीर पडायला लागले तसं चौसाळ्याजवळच्या त्या खेड्यातलं माणूस न माणूस घर सोडून माळावर खोप्या घालून राहिलं होतं. गावात उरली होती फक्त कुलपं. तहसिलीच्या हुकमानं वेशीत बसवलेला पहारेकरी भर दिवसा एखाद्याला आत सोडायचा, तेही नाइलाजानं.

सून म्हणजे कडू. तिच्या पाठची-पुढची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं हे नाव ठेवलेलं. मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. माहेरी घाटनांदूरला असेपर्यंत ते नाव तिला पुरलं. मांडवात मात्र तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरं नाव लिहिलं गेलं, रुक्मिणी. तेही नवं नव्हतं, घरात पडून होतं. रामकिसनची पहिली बायको याच नावाची. ती मागल्या उन्हाळ्यात तापानं गेली, असं केसरबाई सांगायची. गावानं तेवढं ऐकून घेतलं, तेराव्याचं जेवलं आणि सोयरीक घेऊन दुसऱ्या एका पोरीच्या बापाच्या दारात जाऊन बसलं. पहिल्या पोरीचं काय झालं, हे विचारायला त्या गावात कुणाला तोंड नव्हतं, जेवायला होतं.

मेलेल्या सवतीच्या नावाचा, देव्हाऱ्यातल्यासारखा चांदीचा टाक काळ्या गोफात ओवून कडूच्या गळ्यात बांधला होता. सकाळी त्याला आंघोळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, मग चूल. सवत आपल्याएवढीच होती, हे कडूला त्या टाकावरून कळलं नव्हतं. तिच्या चोळ्या कडूला नीट बसल्या, तेव्हा कळलं होतं.

आईनं पाठवणीच्या वेळी एकच गोष्ट बजावली होती. दिवस वाईट आहेत, हाकामारी फिरते. ती ओळखीच्या आवाजात नाव घेते, पण एकदाच, आणि ओ देणाऱ्याचा जीव नेते. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील.

सासरी पहिल्याच दिवशी केसरबाईनं हाक मारली आणि कडू दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली. तिच्या पोटरीवर तापल्या उलथण्याचा डाग पडला, तो त्याचा. तेव्हापासून पहिल्या हाकेला “जी, आले” म्हणायला ती शिकली. पण दरवेळी आधी दुसऱ्या हाकेची वाट बघावीशी वाटायची.

तिघांनी वेस ओलांडली. कुठं जात्याची घरघर नाही, कुत्रं नाही. बंद दारांमागून मेल्या उंदरांचा गोडसर, जड वास येत होता. ऊन डोक्यावर होतं, आणि आपल्याच पावलांचा आवाज भिंतींवर आपटून मागून येत होता. कडूनं दोनदा वळून पाहिलं.

पेव परसात होतं. रामकिसननं पहार घालून तोंडावरची शिळा सरकवली. आतून कोमट, आंबूस वाफ वर आली, झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखी. पेवाचं तोंड अरुंद. मोठ्या माणसाचे खांदे अडकायचे. म्हणून त्या घरात पेवात उतरायचं काम लहान सुनेचं.

रामकिसनला अजून मिसरूड फुटलं नव्हतं. बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती आणि आईसमोर बायकोकडे बघायची सोय नव्हती. एकदा त्यानं कडूच्या पाटीत गुपचूप बोरं टाकली होती, तेवढाच त्यांचा संसार. आता तो शिळेकडे बघत म्हणाला,

“माय, दिवा सोडून बघू आधी. इझला तर आत हवा वाईट, उद्या येऊ.”

“उद्या पहारेकरी सोडील का? आन् आज काय माती खायाची?”

“मागल्या बारीला बी दिवा सोडला न्हवता…”

केसरबाईनं त्याला हातानंच बाजूला सारलं. मग ती कडूच्या कमरेला दोर बांधता बांधता, जणू दोरालाच सांगावं तसं म्हणाली, “ती हट्टी व्हती. हाक मारली तर ओ दिली न्हाई. रुसून बसली. तू तसं करू नगंस. ओ आली की आमाला कळतं, जीव हाय.”

कडूला तेव्हा समजलं, की ताप वगैरे काही नव्हता. पण दोराची गाठ बसली होती आणि पाय आत सोडून झाले होते.

खाली पोचल्यावर उजेड वाटीएवढा उरला. जोंधळे घोट्यापर्यंत, उबदार. तिनं पाटी भरली, ती वर गेली, रिकामी खाली आली. दुसरी भरताना कानात घणघण सुरू झाली. तिसरीला हात दाण्यांत शिरेनात. वरची वाटी लांब लांब जात होती.

“रुक्मिणी…”

सासूचाच आवाज. ओ द्यायची की थांबायचं… ती तोंड उघडणार तोच तिच्या मानेपाशी, अगदी गालाला गाल लागावा इतक्या जवळून, एक लहान आवाज म्हणाला,

“जी, आले.”

वर केसरबाई समाधानानं म्हणाली, “बघ. ही शहाणी हाय.”

कडूला सांगायचं होतं की ते मी नव्हते. जीभ हलेना. गुडघे दाण्यांत रुतले. पाठीमागे कुणीतरी जोंधळ्यांतून सरकत होतं, दाणे हळूहळू घरंगळत होते.

“रुक्मिणी… झालं का गं?”

“जी, आले.”

ओ येत होती, म्हणजे जीव होता. वर कुणालाच घाई नव्हती. कडूची हनुवटी छातीला टेकली. आणि तेवढ्यात वरून एक फुटका, घाबरा आवाज आला. तो आवाज तिनं आपलं नाव घेताना आजवर ऐकला नव्हता.

“कडू… ए कडू…”

पेवात सगळं चिडीचूप झालं. त्या नावाला मागून कुणी ओ दिली नाही. मग दोर ताणला गेला. ती वर उचलली गेली, आणि त्याच वेळी तिच्या पायांचे तळवे खालून दोन थंड हातांनी धरले. ढकलायला की ओढायला, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

उन्हात आडवी पडून ती ओकत होती. केसरबाई लेकावर चिडली होती. चांगली ओ देत होती की पोरगी, मग भर गावात बायकोचं नाव घेऊन बोंबलायला काय झालं?

“म्या न्हाई ओ दिली, आत्याबाई,” कडू कशीबशी म्हणाली.

रामकिसनचे हात दोरानं सोलले होते. तो आईकडे न बघता बोलला.

“मला वळखू आला ना पयलीचा आवाज. मागल्या बारीला बी ओ दिल्ती तिनं. तू शिळा लोटून भाकरी थापाया गेल्तीस, तवा. मी हितंच व्हतो. तिला वाटलं आसंल, दुसऱ्यांदा हाक येईल…”

केसरबाईनं शिळा स्वतः सरकवली, एकटीनं. परत जाताना कडूनं गळा चाचपला. काळा गोफ होता, गाठ जशीच्या तशी होती. टाक नव्हता.

त्या दिवसानंतर केसरबाईनं सुनेला रुक्मिणी म्हटलं नाही. “कडू” म्हणायची, तेही हळू. पण माळावर रुक्मिण्या काय थोड्या होत्या? दुसऱ्या दिवशी ओढ्याकडच्या खोपीतून कुणी बाईनं आपल्या लेकीला हाक मारली, तेव्हा गावाच्या बाजूनं बारीक ओ आली. पुढच्या वेळी ती गोठणीपाशी आली. मग बाभळीपाशी. केसरबाई खोपी-खोपीनं हिंडून बायांना हात जोडू लागली, पोरीला दुसऱ्या कुठल्याही नावानं बोलवा म्हणून. बाया तिच्याकडे बघायच्या, पदराआड हसायच्या. लेकीचं नाव का कुणी टाकतं?

एके दिवशी तिन्हीसांजेला केसरबाईनं खोपीच्या दाराचं तट्टं आतून गच्च बांधलं. चुलीपाशी कडू, कोपऱ्यात रामकिसन. शेजारच्या खोपीतून आवाज आला, “रुक्मिणी, घरी ये गं.”

केसरबाईनं कान झाकले.

“जी, आले.”

कडूनं रामकिसनकडे पाहिलं, रामकिसननं तट्ट्याकडे. सुंभाची गाठ बांधली तशीच होती. आवाज तट्ट्याच्या आतला होता.